तळाशी भोक असलेली तपकिरी बरणी: वर्धा जिल्ह्यातल्या एका वाड्यातलं प्रकरण

हिंगणघाट आणि समुद्रपूरच्या मधल्या पट्ट्यातल्या एका गावात जुन्या मालगुजारी (म्हणजे इकडची जमीनदारी) वाड्याची मागची कोठीची खोली पाडायला काढली, तेव्हा आतून एक जड, तपकिरी चिनी मातीचं भांडं निघालं. बाहेरून वेलबुट्टी, समोर लंबगोल खरबरीत जागा, खाली एक भोक आणि त्यात कोंबलेलं एम-सील. हे मुळात कशासाठी बनवलं होतं, एवढाच प्रश्न ते तपासणाऱ्या आमच्यापुढे होता.

घरात उत्तरं तीन होती. आजी म्हणत होत्या, "माही सासू यातच चिंच-मीठ भराची." थोरल्या भावाचं म्हणणं वेगळं: "आबाजी म्हनत का हे साहेबाचं दारूचं पिपडं होय." जिनिंगमध्ये नोकरी केलेल्या एका नातेवाइकाला ती तेजाबाची (अॅसिडची) बरणी वाटली. नागपूरहून आलेल्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने दारूच्या पिपाचीच री ओढली, कारण दिवाणखान्यात ठेवायला ती गोष्ट चांगली विकते.

घरातल्या आठवणी खोट्या नसतात, पण त्या शेवटच्या वापराच्या असतात. वाड्यातल्या वस्तू दोन-तीन कामांतून फिरलेल्या असतात. मालगुजारी १९५१ साली गेली, त्यानंतर अनेक घरांत सामान विभागलं गेलं, आणि ज्याच्या वाट्याला जे आलं ते त्याने आपल्या सोयीने वापरलं. म्हणून विचारायचं ते घडवणाऱ्याच्या हाताला: भोकं कुठे आहेत, किती मापाची आहेत, आत कुठे काठ आहे, झिलई कुठे मुद्दाम सोडली आहे. आणि त्यानंतर वापराच्या थरांना.

थर टिकले तरच ते बोलतात. इथे पुतण्याने फरशी साफ करायचं अॅसिड आणून ठेवलं होतं. ते ओतलं असतं तर भांडं पाच मिनिटांत चकचकीत झालं असतं आणि निम्मा पुरावा फेसाबरोबर मोरीत गेला असता. जुनं भांडं ओळखायचं असेल तर आधी कोरडा मऊ ब्रश, फोटो आणि मोजमाप, पाणी सगळ्यात शेवटी. अॅसिड, धुण्याचा सोडा, राख, नारळाची शेंडी, काहीच नको.

मोजमाप असं निघालं. उंची ३८ सेंमी, बाहेरचा व्यास २७, आतला २४.४ सेंमी. भिंतीची जाडी १३ मिमी. वजन साडेबारा किलो. तोंड पूर्ण उघडं, वर झाकण बसायला आतून पायरी. बाहेरच्या अंगावर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा. ही मिठाच्या झिलईची ओळख आहे: भट्टी साधारण १२०० अंशांच्या वर गेली की आत मीठ टाकतात, त्यातला सोडियम वाफेतून मातीतल्या वाळूशी संयोग पावतो आणि अंगावरच काच तयार होते. या झिलईत शिसं लागत नाही. आतून मात्र वेगळी, गुळगुळीत गडद झिलई ओतून फिरवलेली होती, कारण मिठाची वाफ भांड्याच्या आत नीट पोचत नाही.

माती कोणती, हे बुडाच्या बिनझिलईच्या कडेवर पाण्याचा एक थेंब ठेवून कळतं. साध्या भाजलेल्या मातीवर थेंब बघता बघता शोषला जातो. इथे तो बराच वेळ तसाच उभा राहिला. म्हणजे दगडासारखी पक्की भाजलेली, पाणी जवळजवळ न शोषणारी माती. एवढ्याने वापर ठरत नाही. लोणच्याच्या बरण्या, तेजाबाचे सट (मोठ्या बरण्या), दारूची पिपं, सांडपाण्याचे नळ, सगळं याच जातीच्या मातीचं होत असे. पण गावच्या कुंभाराचं किंवा हलक्या भाजणीचं काम हे नव्हे, एवढं त्यातून कळलं.

खरी गोष्ट आत होती. वरून टॉर्च मारला की १४ सेंमी खाली तळ दिसतो, पण बाहेरच्या उंचीशी हिशेब जमत नाही. तो तळ नव्हताच. ती भांड्याबरोबरच भाजलेली आडवी फळी होती, १४ मिमी जाड, आणि तिच्या बरोबर मधोमध १२ मिमीचं भोक. त्यात लाखेत बुडवलेली चिंधी ठासलेली. फळीखाली २१ सेंमी उंचीचा दुसरा कप्पा, ज्यात हात घालायला कुठूनही वाट नाही. चिंच भरण्यासाठी कोणी असं भांडं घडवणार नाही, कारण खालचा अर्ध्याहून जास्त भाग वायाच जातो. चिंधीच सांगते की कुणाला तरी ते भोक नको होतं, म्हणजे ते आधीच्या कामाचं होतं.

खालच्या भोकातलं एम-सील काढायला हेअर ड्रायरची मंद हवा आणि बांबूची काडी वापरली. गॅसची शेगडी, उकळतं पाणी किंवा ड्रिल इथे चालत नाही. जुन्या जाड भांड्याची एक बाजू एकदम तापली की केसासारखी चीर जाते आणि ती परत बुजत नाही. ड्रायर दोन मिनिटं, थांबायचं, काडीने टोकायचं, पुन्हा दोन मिनिटं. जेवढं सुटलं तेवढं काढलं, कडेला चिकटलेलं राहू दिलं.

मोकळं झालेलं भोक २२ मिमीचं, आतल्या खालच्या तळापासून अडीच सेंमी वर. भोवती मातीचा जाड उंचवटा, आणि त्याचा दर्शनी भाग घासून सपाट केलेला. सपाट जागेवर चामड्याच्या वायसरचा गोल ठसा, आणि त्याच्या कडेने हिरवा कळंक. म्हणजे इथे पितळेची तोटी होती आणि ती वायसरवर दाबून घट्ट बसवलेली होती. तेजाबाचा दावा इथेच संपला. तेजाबाला पितळ चालत नाही, आणि तेजाबाच्या सटाचं तोंड अरुंद, बूच बसेल असं असतं. दारूच्या पिपालाही खाली तोटीचं भोक असतं हे खरं, पण वर ते बंद असतं, भरण्यापुरतं बुचाचं भोक ठेवतात. उघड्या तोंडाच्या भांड्यात कोणी ब्रँडी साठवत नाही, आणि मधल्या फळीला तर दारूच्या पिपात काहीच काम नाही.

मग एक बारीक गोष्ट, जी या सगळ्या प्रकरणात आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. फळीच्या पातळीखाली दीड सेंमीवर, तोटीच्या विरुद्ध अंगाला, बाहेरून मातीचा डाग लागल्यासारखं दिसत होतं. ते कुंभारमाशीचं घर निघालं, आणि त्याच्यामागे ५ मिमीचं गोल भोक, आतून बाहेर उतरतं केलेलं. घरच्यांना ते भट्टीतलं व्यंग वाटत होतं. पण व्यंगाच्या भोकाच्या आत झिलई अशी सरळ गेलेली नसते. ओली माती असतानाच हे नळीने पाडलेलं होतं. वरून थेंब थेंब काही खाली उतरत असेल तर खालच्या बंद कप्प्यातली हवा बाहेर जायला वाट हवी. ती नसली तर थेंब मंदावतात, शेवटी थांबतात, आणि तोटी उघडली की धार न लागता गुळगुळ आवाज होतो.

आणि या भोकापासून बाहेरच्या अंगावर खाली येणारी एक पांढरट, जेमतेम २ मिमी रुंदीची रेघ होती. वेलबुट्टीच्या पानाला वळसा घालून ती बुडापर्यंत गेलेली. त्यावर ड्रॉपरने व्हिनेगरचा एकच थेंब टाकला, तो बारीक फसफसला. चुन्याचे क्षार. खालचा कप्पा काठोकाठ भरला की जास्तीचं पाणी याच भोकातून झरत असे, आणि वर पाणी ओतणाऱ्याला थांबायची खूणही तीच. पाणी इतक्या वेळा झरलं की त्याची रेघ उमटली.

उत्तर आता जवळजवळ हाती होतं: हे पाणी गाळायचं भांडं, म्हणजे घरगुती फिल्टर. तरी आतला कप्पा बघायला हवा होता, कारण एकट्या रेघेवर निकाल देणं बरं नव्हे. मोबाइलला जोडायची कॅमेऱ्याची नळी (७ मिमी जाडीची मिळते, टोकाला दिवा असतो) तोटीच्या भोकातून सहज आत जाते. ती नसेल तर दातांच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा आणि टॉर्चवरही काम भागतं. आत तळापासून तोटीच्या पातळीपर्यंत, जिथे पाणी कायम उभं राहायचं, क्षाराचा जाड पांढरा-पिवळट थर होता. त्याच्यावर हवेच्या भोकापर्यंत पातळ, एकावर एक कड्या उमटलेल्या. फळीच्या लगतचे शेवटचे दीड सेंमी स्वच्छ. पाणी तिथवर कधी चढलंच नाही.

या भागात असा थर बसणं साहजिक आहे. वर्ध्याच्या काळ्या मातीखाली बेसॉल्टचा खडक आहे आणि विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. वाड्याच्या विहिरीचं पाणी कडकपणा मोजायच्या पट्टीवर लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या रंगावर गेलं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात २०० ही योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० ही शेवटची मर्यादा आहे. फिल्टर हा कडकपणा काढत नाही, क्षार गाळलेल्या पाण्यातही राहतात आणि साचतात. म्हणून विदर्भात वापरलेल्या अशा भांड्यावर खालच्या कप्प्यातला थर हा चांगला साक्षीदार आहे. कोकणातल्या मऊ पाण्यावर चाललेल्या भांड्यात तो शोधूनही सापडणार नाही. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात उलट पेच आहे: तिथला पांढरा थर निव्वळ मिठाचाही असू शकतो, आणि मीठ व्हिनेगरने फसफसत नाही. तिथे हा थेंब टाकल्याशिवाय काहीच बोलू नये.

आजींची चिंचही याच थरात सापडली. वरच्या कप्प्यात क्षाराचा मागमूस नव्हता. पाणी तर तिथेही वर्षानुवर्षं उभं राहिलेलं असणार. ते क्षार चिंचेच्या आंबटाने खाल्ले. आणि खालच्या कप्प्यात, मधल्या भोकाच्या नेमकं खाली, क्षाराच्या थरात रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी गोल जागा खाल्लेली, आणि तिच्या कडेने बारीक, टोकदार, चमकणारे कण. पावसाळ्यात मीठ-चिंचेला पाणी सुटतं, ते चिंधीतून झिरपून तिथे पडत राहिलं. तारेला कापूस गुंडाळून त्यातले दोन-चार कण बाहेर काढले आणि व्हिनेगर टाकलं, तर ते फसफसले नाहीत. चिंचेतल्या टार्टारिक आम्लाने चुना विरघळवला की कॅल्शियम टार्ट्रेट तयार होतं, ते पाण्यात फार कमी विरघळतं आणि कणाकणाने खाली बसतं. हे कण बहुधा तेच. महत्त्वाचं हे की खड्डा क्षारात पडलेला आहे, क्षार खड्ड्यावर चढलेले नाहीत. म्हणजे आधी पाणी, मग चिंच. आजींची आठवण शंभर टक्के खरी, फक्त ती भांड्याच्या दुसऱ्या जन्माची.

आता फळीवर काय बसत होतं? फळीचा मधला १५ सेंमी व्यासाचा भाग बिनझिलईचा आणि त्याच्या खरबरीत छिद्रांत बारीक काळं. ओल्या पांढऱ्या कापसावर काळी भुकटी आली, तेलकट अजिबात नाही. कोळसा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये दाबून घट्ट केलेल्या कोळशाचे ठोकळे घालून असे घरगुती फिल्टर मोठ्या प्रमाणावर बनत आणि इकडेही येत. ठोकळ्याच्या बुडाला नळीचं टोक असे, ते मधल्या भोकात नुसतं दाबून बसवत.

मेणबत्तीच्या आकाराची, पांढऱ्या मातीची कँडल यात होती का, हा प्रश्न घरच्यांनीही विचारला, कारण आजच्या फिल्टरात तीच असते. बर्केफेल्डची तशी कँडल जर्मनीत १८९१च्या सुमारास आली. पण कँडल खालून चाकीने आवळावी लागते, आणि इथे फळी भांड्याला एकजीव असल्याने खाली हात पोचतच नाही. कँडलचे फिल्टर म्हणूनच दोन सुट्या भांड्यांचे, एकावर एक ठेवायचे असतात.

सावधगिरीची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. त्या काळातल्या काही फिल्टरांत, मॅन्येंच्या 'फिल्ट्र रापीद'मध्ये उदाहरणार्थ, गाळणं म्हणून अॅस्बेस्टॉसचं कापड असे आणि त्यावर कोळशाची पूड. जुन्या भांड्यात राखी-पांढरं, तंतुमय, कुजट कापडासारखं काही दिसलं तर ते ओरबाडू नये, झटकू नये, कोरडा ब्रश लावू नये. पाण्याचा फवारा मारून ओलं करायचं, ओलंच उचलून दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घट्ट बांधायचं, तोंडाला चांगला मास्क. तंतू फुप्फुसात गेला की परत येत नाही. या भांड्यात तसं काही नव्हतं.

काळ ठरवायला बुडावरचे दोन ठसे होते. इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'इंग्लंड', आणि आकडा २. अमेरिकेने १८९० साली केलेल्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकणं सक्तीचं झालं, आणि इंग्लंडच्या बऱ्याच कारखान्यांनी मग सगळ्याच मालावर तो ठसा मारायला सुरुवात केली. नुसतं देशाचं नाव असेल तर १८९१ नंतरचं, 'मेड इन' जोडलेलं असेल तर बहुधा विसाव्या शतकातलं पुढचं, असा ढोबळ नियम आहे. हे भांडं १८९१ ते १९२०च्या आसपासचं धरायला हरकत नाही. आकडा २ गॅलनचा असावा, कारण सगळी तपासणी झाल्यावर खालचा कप्पा हवेच्या भोकापर्यंत पाणी मोजून भरला तेव्हा नऊ लिटरच्या किंचित वर बसलं. दोन इंग्लिश गॅलन म्हणजे ९.०९ लिटर.

व्यापारी 'डोल्टन' म्हणत होता. लंडनच्या लॅम्बेथमधली डोल्टन कंपनी फिल्टरांसाठी प्रसिद्ध होती हे खरं, पण ती आपलं नाव मातीत ठसवत असे, आणि शेजारीच जेम्स स्टिफ अँड सन्ससारखे कारखानेही असेच फिल्टर करत. स्टिफचा कारखाना १९१३ साली डोल्टननेच घेतला. समोरच्या लंबगोल खरबरीत जागेवर कारखान्याच्या नावाची पट्टी चिकटवलेली होती, ती निघून गेली आहे. पट्टीशिवाय कंपनीचं नाव लावणं म्हणजे भाव वाढवणं.

यात आता पाणी ठेवून प्यावं का? नाही. कोळशाच्या फिल्टरांनी पाणी स्वच्छ दिसायचं, वासही जायचा, पण रोगजंतू अडत नसत. वुडहेड आणि वुड या संशोधकांनी १८९४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून बाजारातल्या फिल्टरांची तपासणी मांडली, तेव्हा पाश्चर-चेंबरलँड आणि बर्केफेल्ड सोडता बहुतेक फिल्टर जंतूंना अडवण्यात कुचकामी ठरले. न बदललेला ठोकळा तर जंतू वाढायची जागा होई. या कप्प्यात हात पोचत नाही, म्हणजे घासताही येत नाही. नवी तोटी बसवून उन्हाळ्यात माठासारखं वापरायचा विचार घरात चालला होता, पण झिलईच्या भांड्यात पाणी माठासारखं गारही होत नाही.

वरच्या कप्प्याची मात्र निगा राखावी लागली. बिनझिलईच्या फळीत मीठ मुरलेलं होतं आणि कडेची झिलई खपल्या धरू लागली होती. मीठ दर पावसाळ्यात विरघळतं, उन्हाळ्यात पुन्हा स्फटिक धरतं आणि आतून झिलई ढकलतं. उपाय सोपा, वेळखाऊ. मधल्या भोकाला मऊ बूच, वरच्या कप्प्यात आरओचं किंवा पावसाचं पाणी (विहिरीचं नाही, त्यातच क्षार), चोवीस तासांनी टीडीएस पेनने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) मोजायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. पहिल्या दिवशी आकडा दोन हजारांच्या वर गेला, मग रोज उतरत आला. ताजं पाणी आणि चोवीस तास ठेवलेलं पाणी यांतला फरक वीस-तीसवर आला की थांबायचं. वाळवायचं सावलीत, दोन-तीन आठवडे. मेच्या उन्हात अंगणात ठेवलं तर बाहेरची कड झटकन सुकते, आतली ओली राहते, आणि चीर तिथेच जाते. खालच्या कप्प्यातला थर जसाच्या तसा ठेवला.

विदर्भातल्या जुन्या घरांत अशी भांडी बरीचदा अर्धीच सापडतात, कारण दोन भांड्यांचे फिल्टर वाटणीत वेगवेगळ्या घरी जातात. बुडाला मधोमध किंवा तीन ठिकाणी भोकं असलेली चिनी मातीची कुंडी दिसली, जिला बाहेरून पायाशी उतरती पायरी आहे, तर तो बहुधा फिल्टरचा वरचा भाग. आतून झिलई असेल तर शंका फारशी उरत नाही, झाडाच्या कुंडीला आतून झिलई सहसा देत नाहीत. जोडीचा खालचा भाग तोटीच्या भोकावरून ओळखता येतो आणि तो बहुतेकदा मिठाच्या किंवा डाळीच्या कोठीत निघतो. दोन्ही काठांचे व्यास मोजून, सहा-सात मिमीची मोकळीक धरून, चुलत्यांच्या घरी विचारावं.